उंबऱ्यातली माणसं

‘तिकडे गेल्यावर बघू.’

माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यात हे वाक्य ३१ वेळा आलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी शोधत होते दुसराच एक शब्द. पण पडद्यावर ‘तिकडे’ इतक्या ठिकाणी पिवळं झालं की आधी वाटलं, फाईलच बिघडली. वाक्य नायिकेच्या तोंडी होतं, तिच्या नवऱ्याच्या तोंडी होतं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडी होतं आणि कहर म्हणजे एका सात वर्षांच्या पोराच्याही. गंमत अशी की कादंबरीत कुणी कुठे जाणारच नव्हतं. सगळी गोष्ट एका इमारतीत सुरू होऊन तिथेच संपत होती. मग ही माणसं कुठे गेल्यावर काय बघणार होती?

वाक्य बाबांचं आहे.

बाबांची नोकरी बदलीची. मी दोन वर्षांची असल्यापासून सोळाची होईपर्यंत आम्ही नऊ घरं बदलली. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,’ असं आई म्हणायची. आधी हसून, नंतर नंतर नुसतंच. आरसा लावायला भिंतीत खिळा ठोकायचाय? तिकडे गेल्यावर बघू. ताईला चित्रकलेचा क्लास लावायचाय? तिकडे गेल्यावर. दाराची कडी नीट बसत नाही? आता इथे कशाला खर्च, तिकडे गेल्यावर बघू. ‘तिकडे’ पोचलो की त्याचं ‘इकडे’ व्हायचं आणि बाबांचं पुढचं ‘तिकडे’ तयार असायचं. यात टोलवाटोलवी नव्हती. ते खरंच तसं धरून चालायचे.

मी ते वाक्य मुद्दाम घातलं असतं तर एकदाच घातलं असतं, एखाद्या वडिलांच्या तोंडी, आणि स्वतःवर खूश झाले असते. ३१ वेळा आलं, कारण मी घातलंच नव्हतं. लहानपण लेखनात कसं उतरतं, असं कुणी विचारलं की मला आधी हा आकडा आठवतो.

कादंबरी लिहायला सहा वर्षं लागली. चार खर्डे झाले. त्यातली पहिली दोन वर्षं जवळजवळ पाण्यात गेली, कारण माझी समजूत अशी होती की लेखकाला घडवतात त्या घटना. मोठ्या, सांगण्याजोग्या. आणि माझ्याकडे तशी एक घटना होती. मी अकरा वर्षांची असताना बाबांना नोकरीतून निलंबित केलं. हिशोबात काही रक्कम जुळत नव्हती. चौकशी बसली, दहा महिने चालली, शेवटी बाबांचा दोष नाही असं निघालं आणि ते परत कामावर रुजू झाले. चूक कुणाची होती ते इथे उगाळायचं कारण नाही. पण एवढं नाट्य घरबसल्या मिळालेलं असताना दुसरं काय लिहायचं?

पहिला खर्डा ३४० पानांचा झाला. चौकशीची पत्रं, उलटलेला सहकारी, रात्री उशिरा येणारा हितचिंतक, शेवटी निकाल, सगळं होतं त्यात. सहा महिने तो कपाटात ठेवला, मग वाचायला काढला आणि साठाव्या पानावर मला झोप आली. स्वतःच्या वडिलांच्या सगळ्यांत वाईट वर्षाबद्दल वाचताना झोप! लाज वाटली. पण आली खरी.

दोष कुठे होता ते कळायला वेळ लागला. मी बाबांचं वकीलपत्र घेतलं होतं. प्रत्येक प्रसंग पुरावा म्हणून हजर होत होता. बाबांसारख्या त्या माणसाला एकही खोड नव्हती. तो कधी चिडत नव्हता, कधी कुणाला टाकून बोलत नव्हता. समोरच्या बाजूची माणसं पहिल्या वाक्यालाच ओळखू यायची, इतकी ती वाईट होती. अकरा वर्षांच्या मुलीला तेव्हा जे जमलं नव्हतं ते मी तीस वर्षांनी करत होते: मोठ्या माणसांच्या खोलीत शिरून सगळ्यांना फैलावर घेत होते. त्या मुलीला बरं वाटलं असेल. वाचकाने का म्हणून ऐकून घ्यावं?

त्याच सुमारास इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या लहानपणाबद्दल वाचनात आलं. १८२४ साली त्यांचे वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवायच्या कामाला जावं लागलं. ही गोष्ट त्यांनी लोकांपासून जन्मभर झाकून ठेवली. १८७० मध्ये ते गेल्यावर, मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला धरून ठेवलं ते एका छोट्या तपशिलाने. त्या कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा एक मुलगा होता. चार्ल्सच्या कुशीत एकदा कळ उठली, तेव्हा हा बॉब रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याला शेकत बसला. संध्याकाळी म्हणाला, एकटा जाऊ नकोस, मी घरी पोचवतो. आता घर म्हणजे तर तुरुंग! चार्ल्सने नाना सबबी सांगितल्या, बॉब ऐकेना. शेवटी भलत्याच एका घराच्या पायरीवर चार्ल्सने त्याचा निरोप घेतला. आणि बॉबने मागे वळून पाहिलंच तर, म्हणून ते दारही ठोठावलं. दार उघडलं तेव्हा विचारलं, बॉब फॅगिनचं घर हेच का?

पुढे डिकन्सनी ‘फॅगिन’ हे नाव दिलं ते ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला. ज्याने शेकलं, त्याचं नाव खलनायकाला. वकील असं कधी करणार नाही. पण त्या पोराला बॉबच्या मायेचं जेवढं अप्रूप असेल, तेवढीच त्या मायेची धास्तीही असणार. तो आणखी चार पावलं बरोबर आला असता तर सगळं उघडं पडलं असतं. कृतज्ञता लिहिणारे खूप असतात. ती धास्ती लक्षात ठेवून, दहा-बारा वर्षांनी ती भलत्याच माणसाला चिकटवायला वेगळी छाती लागते.

मी खर्डा बाजूला ठेवला आणि एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहिला: त्या दहा महिन्यांत मी स्वतः काय पाहिलं? चौकशीची पत्रं मी पाहिली नव्हती. उलटलेला सहकारी तर कधीच पाहिला नव्हता. पुढे कधीतरी कानावर पडलेल्या दोन वाक्यांतून मी त्याला उभा केला होता. मी पाहिलं होतं ते इतकंच:

बाबा रोज सकाळी नेहमीच्या वेळेला दाढी करत. इस्त्रीचा शर्ट घालत. खुर्चीत बसून मोजे चढवत, मग काळे बूट. नाडी बांधून झाली की ती एकदा ओढून बघत. आणि मग उठत नसत. तसेच बसून राहत, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात मांड्यांवर. शेजारी वर्तमानपत्र असे, पण त्याची घडी मोडलेली नसे. घरात बूट घालून फिरलेलं आईला मुळीच खपत नसे, पण त्या काळात ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. केर काढताना बुटांना वळसा घालून झाडू पुढे न्यायची. संध्याकाळी, ऑफिस सुटून घरी यायच्या वेळेला, बाबा वाकून नाड्या सोडत, बूट दाराशी जोडीने लावत आणि आईला म्हणत, ‘आलो.’

रविवारी बूट घालत नसत. रविवार सुट्टीचा.

शाळेला सुट्टी असली की मी हे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत असे. आत जावं की जाऊ नये, हे मला ठरवता येत नसे.

लिहायला दीड पान लागलं. ३४० पानांमधून हातात उरलं ते एवढंच. तेही मूळ खर्ड्यात नव्हतं. पहिल्या वेळी मला ते सुचलंसुद्धा नाही, कारण त्यात काही घडतच नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी ‘मी’ काढून टाकला. निवेदन तृतीयपुरुषी केलं आणि बाबांचं निलंबन उचलून इमारतीतल्या दुसऱ्याच एका माणसाला दिलं, ज्याच्या नाकाचा, आवाजाचा, नोकरीचा बाबांशी संबंध नव्हता. झालं असं की बाबांचं दुःख परक्याच्या घरात ठेवल्याबरोबर मला त्याच्यावर चिडता येऊ लागलं. त्याच्या बायकोला त्याचा कंटाळा येऊ लागला. तो कधी कधी तिच्याशी तुसडेपणाने वागू लागला. हे सगळं आमच्याही घरात असणारच; पण ‘मी’ लिहीत होते तोवर ते दिसायला तयार नव्हतं.

माझी एक मैत्रीण आहे. ती लिहीत नाही, फक्त वाचते, आणि वाचलेलं तोंडावर सांगते. अशी माणसं हल्ली दुर्मीळ झालीत. बाकीचे ‘छान जमलंय’ म्हणून मोकळे होतात. दुसरा खर्डा वाचून तिने पहिलाच प्रश्न टाकला, ‘अगं, तुझ्या पुस्तकात कुणी कुणाला बसा म्हणत नाही का?’

‘म्हणजे?’

‘सगळे दारात उभे. बोलणं दारात, भांडण दारात. तो एक मुलगा बापाला शेवटचं भेटायला येतो, तर तोही चौकट धरून उभा. मला वाचून वाचून पाय दुखायला लागले.’

मी म्हटलं, काहीतरीच काय. मग घरी येऊन मोजलं. २६ प्रकरणं होती. त्यांतल्या १९ प्रकरणांत मुख्य प्रसंग उंबऱ्यात घडत होता.

हे कुठून आलं ते मात्र शोधावं लागलं नाही. नऊ घरं म्हणजे सात शाळा. नव्या शाळेतला पहिला दिवस म्हणजे चालू तासाला कुणीतरी हात धरून वर्गाच्या दाराशी नेऊन उभं करायचं. बाई फळ्यावरचं वाक्य पुरं करायच्या आणि मग वळायच्या. मधलं ते अर्धं मिनिट माझं असायचं. त्या अर्ध्या मिनिटात मी वर्ग वाचून काढायचे: कुठल्या बाकावर जागा आहे आणि ती रिकामी का राहिली असेल, हसण्याची सुरुवात कोण करतं आणि कोण त्याच्याकडे बघून हसतं, बाई कुणाकडे बघायचं टाळतात. तिसऱ्या शाळेपर्यंत माझे अंदाज बरोबर यायला लागले होते. कादंबरीकार म्हणून मला जे काही थोडंफार येतं, त्यातलं बरंचसं त्या अर्ध्या मिनिटांतलं आहे.

आणि जे येत नाही तेही तिथलंच. चौथ्या वर्षीही त्याच वर्गात, त्याच मुलीशेजारी बसणाऱ्याला काय दिसतं, हे मला माहीत नाही. तीस वर्षांची मैत्री मला लिहिता येत नाही. लिहायला घेतली की ती माणसं कालच भेटल्यासारखी एकमेकांना निरखू लागतात. एका समीक्षकाने या पुस्तकाबद्दल लिहिताना ‘नात्यांमधला परकेपणा’ असा शब्द वापरला आणि त्यामागे बराच मोठा विचार पाहिला. विचार कसला, मला दुसरं येतच नाही.

कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस आठव्या वर्षापर्यंत आजी-आजोबांच्या घरी वाढले आणि आराकाताका गावातल्या त्या एका घराने त्यांना जन्मभर पुरवलं, हे वाचून मी पूर्वी जळायचे. मला नऊ मिळाली आणि एक पुरलं नाही, असं माझं रडगाणं असायचं. पण ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचताना जाणवलं की त्यातल्या तरुण मास्तरला वाडी इतकी लख्ख दिसते, कारण तो बाहेरून चालत आलेला आहे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः कोवळ्या वयात मास्तरकी करून आलेले. घराच्या आतून लिहिणारे असतात, तसे वेशीवरून लिहिणारेही असतात. आपण कुठे उभे आहोत ते समजलं की निदान दुसऱ्याच्या जागेवरून लिहायचा आटापिटा थांबतो.

माझा एवढ्यात थांबला नाही. मैत्रिणीचं मनावर घेऊन मी तिसऱ्या खर्ड्यात सगळ्यांना आत बोलावलं आणि बसवलं. दोन आठवडे नुसत्या खुर्च्या मांडत होते. प्रसंग एकामागून एक आडवे झाले. माझी माणसं बसून, पाठ टेकून बोलायला लागली की खोटं बोलतात. त्यांना संपूर्ण वाक्यं सुचायला लागतात. शेवटी परत सगळ्यांना उठवलं आणि दारात उभं केलं. पण आता जाणूनबुजून. अख्ख्या कादंबरीत बसायची मुभा एकाच माणसाला ठेवली, बूट घालून बसणाऱ्याला.

अर्धवट वाक्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण संपादकांशी माझे सर्वांत जास्त खटके त्यावरून उडाले. भाड्याची घरं, पातळ भिंती, पलीकडे घरमालक. आई-बाबांची भांडणं कुजबुजत व्हायची. ‘तुम्ही त्याच वेळी जर त्यांना...’ एवढं ऐकू यायचं आणि नळ सुटायचा. उरलेलं वाक्य मी आणि ताई अंथरुणात पडून पुरं करायचो, ती तिच्या परीने आणि मी माझ्या. संपादकांच्या मते वाचकाला इतकं अधांतरी ठेवू नये. मी ११ संवाद पुरे करून दिले. बाकीच्यांना हात लावू दिला नाही.

पुस्तकांचंही तेच. बदलीचा हुकूम आला की आधी वाचनालयाची अनामत परत घ्यायची, म्हणजे हातातलं पुस्तक जिथे असेल तिथे मिटायचं. अशी सहा-सात पुस्तकं माझी अर्ध्यावर राहिली. ट्रकमध्ये, सामानाच्या फटीत बसून मी त्यांचे शेवट करायचे. मोठेपणी त्यांतली चार मिळवून वाचली. दोन शेवट माझेच बरे होते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता चौदा नंबरची पेटी.

बाबांनी सामानाच्या सगळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते आणि एक वही ठेवली होती. ती माझ्याकडे आहे. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कडा उंदराने कुरतडलेल्या. प्रत्येक बदलीला नवं पान, वर तारीख. ‘पेटी ३: भांडी, पितळी वेगळी.’ ‘पेटी ९: मुलींची पुस्तकं, घड्याळ १ (बंद).’ ‘पेटी ११: कपबश्या ६’, आणि पुढच्या मुक्कामाच्या पानावर ‘कपबश्या ५’. आमच्या कुटुंबाचा एवढा नेमका इतिहास दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही. कादंबरीतल्या प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी जी सामानाची यादी येते, ती या वहीवरून सुचली. यादीतून काय गळलं ते बघायचं आणि प्रकरण त्यावर बेतायचं, हा माझा चौथ्या खर्ड्यातला सगळा कारभार.

तर त्या वहीत १४ नंबरच्या पेटीपुढे सलग पाच बदल्यांना एकच शब्द आहे: ‘तसंच’. म्हणजे उघडलीच नाही. तिच्यात काय होतं ते लिहिलेलं पहिलं पान फाटून गेलंय. लहानपणी त्या पेटीवर गादी घालून आम्ही बसायचो. तिसऱ्या खर्ड्यात मी ती पेटी नायिकेला दिली आणि तिच्यात पत्रं ठेवली, लग्नाआधीची, दुसऱ्या कुणाची तरी. चौदा पानांचं प्रकरण झालं. खोटं कशाला बोलू, ते लिहिताना मला रडू आलं होतं.

मग एकदा आईला फोनवर सहज विचारलं.

‘चौदा? त्यात पडदे होते गं.’

पहिल्या घराचे. लग्न झाल्यावर तिने स्वतः मशीनवर शिवलेले, त्या घराच्या खिडक्यांच्या मापाने. पुढच्या कुठल्याच घराच्या खिडक्यांना ते बसले नाहीत. कुठे आखूड पडायचे, कुठे जमिनीवर लोळायचे.

‘मग टाकून का नाही दिलेस?’

‘टाकायचे काय? म्हटलं, तिकडे गेल्यावर बसतील.’

इतकी वर्षं मी ते वाक्य बाबांच्या खात्यावर मांडत होते. फोन ठेवला आणि चौदा पानं पुसली.

फ्रेंच लेखक प्रूस्तच्या कादंबरीत चहात बुडवलेल्या माद्लेनच्या, म्हणजे एका छोट्या केकच्या, तुकड्यातून सगळं बालपण वर येतं, ते फार गाजलेलं आहे. पहिला खंड १९१३ चा. पण त्यांच्या आधीच्या खर्ड्यांत तिथे माद्लेन नव्हती. साधा भाजलेला पाव होता, मग टोस्ट आला आणि माद्लेन सगळ्यांत शेवटी. साधी वस्तू बाजूला करून त्यांनी देखणी आणली आणि ती त्यांना लाभली. मी उलटी गेले. देखणी पत्रं काढली आणि आखूड पडदे आणले. यात कुणी नियम शोधू नये. माझ्यापुरतं एवढंच कळलं की मी रचलेली पत्रं मी आधी कुठेतरी, कुणाच्या तरी पुस्तकात वाचलेली होती. पडदे मात्र कुठे वाचले नव्हते.

चौथा खर्डा ताईला दिला. मनात इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ होत्या. त्या तेरा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली आणि १९२७ साली आलेल्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये त्यांनी तिला उभं केलं, लहानपणीच्या उन्हाळ्यांचं कॉर्नवॉलमधलं घर उचलून थेट स्कॉटलंडच्या बेटावर नेलं तरी आई आईच राहिली. थोरली बहीण व्हनेसाने पुस्तक वाचून पत्र लिहिलं की आई जणू पुन्हा जिवंत होऊन समोर आली. वुल्फनीही पुढे लिहून ठेवलं आहे की हे पुस्तक होईपर्यंत, म्हणजे चाळिशी उलटून गेली तरी, आईचा आवाज त्यांच्या कानात असायचा. पुस्तक झालं आणि तो थांबला. माझीही तशीच काहीतरी अपेक्षा असावी. निदान ताईने डोळे पुसावेत.

ताईने आठ दिवसांनी फोन केला. चांगलं झालंय म्हणाली. घरं नऊ नव्हती, आठ होती म्हणाली. आणि मग जरा थांबून, ‘एक विचारू? बाबा बूट घालून बसायचे ते तुला कुणी सांगितलं?’

‘सांगायचं काय? मी बघायचे. स्वयंपाकघराच्या दारातून.’

‘दारात मी असायचे. तू तेव्हा आजीकडे होतीस. आईने तुला पाठवून दिलं होतं सहा महिने. मीच तुला नंतर सांगितलं सगळं, रात्री.’

मी वाद घातला. मला त्या चौकटीचा रंग आठवतो, खांद्याला टोचणारा कडीचा कोयंडा आठवतो. ताई म्हणाली, ‘कोयंडा टोचायचा हेही मीच सांगितलं.’

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या. तीन घरच्यांकडून घेतलेल्या खऱ्या. चौथी रचलेली, लहानपणी बाजारसंकुलात तू हरवला होतास अशी. साधारण चौथा हिस्सा लोकांना ती न घडलेली गोष्टही थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. हा प्रयोग मला आधीपासून माहीत होता. मी एका व्याख्यानात तो मोठ्या ऐटीत सांगितलाही होता. आपण त्या चौथ्या हिश्शात असू, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन-तीन दिवस मी कादंबरीला हात लावला नाही. माझ्या सगळ्या लेखनाचा खुंटा ज्या दीड पानाला बांधलेला, ते दुसऱ्याचं निघालं तर? आईला विचारलं. ती म्हणाली, पाठवलं होतं तुला आजीकडे, पण किती दिवस ते काही सांगता येत नाही. महिना असेल, चार असतील. मग मीच मनाशी एक तोड काढली. ताईने अंधारात सांगितलं आणि मी ते इतकं ऐकलं की डोळ्यांनी पाहिलं, असं जरी धरलं, तरी ऐकलेलं पाहायची ती सवय त्याच घरातली. वाक्याचा शेवट ऐकू न येणाऱ्या घरातली. आणि दीड पान तसंच ठेवलं. पटलंय असं नाही, पण ठेवलं.

बाबांना द्यायचं मी टाळत आले होते. शेवटी मुद्रितं आली, तपासायला दहा दिवसांची मुदत होती, तेव्हा एक संच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचायला चार दिवस घेतले. टेबलाशी बसून, पट्टी ओळीखाली सरकवत, हिशोब तपासल्यासारखं. मी घरात इकडून तिकडे करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. एकाच पानावर पेन्सिलीची खूण होती.

‘बूट काळे नव्हते,’ ते म्हणाले. ‘तपकिरी होते.’

‘आणि बाकीचं?’

‘बाकीचं तू बघ. तुझं काम आहे ते.’

मला राहवलं नाही. म्हटलं, ‘बाबा, तुम्ही असे बसायचात तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात कोण उभं असायचं? ताई की मी?’

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. चष्मा काढून हातात धरला.

‘मला कसं दिसणार?’ ते म्हणाले. ‘माझी त्या दाराकडे पाठ असायची.’

रात्री मी ते दीड पान पुन्हा काढलं. त्यात बाबांचे हात मांड्यांवर आहेत. नाडी ते एकदा ओढून बघतात. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नाही. पाठीमागून यातलं काहीच दिसत नाही.

मुद्रितं परत धाडायला दोन दिवस उरले होते. मी ‘काळे’च्या जागी ‘तपकिरी’ केलं, चार ठिकाणी, आणि गठ्ठा बांधला.